सरकलेली झोप

ज्यांना रात्री झोप येत नाही, सकाळी जाग येत नाही, आणि ज्यांच्या घरच्यांनी त्यांना आळशी ठरवून विषय संपवला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. मला जो आजार झाला त्यात ताप नव्हता, सूज नव्हती, आणि कुठल्या एक्स-रेच्या फोटोत तो दिसत नव्हता. त्यामुळे तो आजार आहे हे कळायलाच सहा महिने गेले. आज मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण अशी पुस्तकं वाचताना मी स्वतः नेहमी शेवटचं पान आधी पाहते.

आमची वेळ

माझे पती विलास विजेच्या उपकेंद्रात यंत्रचालक होते. उपकेंद्र अकोटच्या रस्त्याला, शेतांच्या मधोमध. त्यांची पाळी दुपारी चार ते रात्री बारा. घरी यायला पाऊण वाजायचा.

कापसाच्या पट्ट्यात ती वर्षं फार वाईट होती. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी अशी. शेतीच्या पंपांना थ्री फेजची लाईन बहुतेक आठवडे रात्रीचीच मिळायची. हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं काळोखात बांधावर उभी असायची आणि विलासचा फोन सारखा वाजायचा. "भाऊ, लाईन कवा सोडून राह्यले?" घरी आले की विलास हात धुताना म्हणायचे, "अर्धा तालुका जागा आहे. आपण लवकर झोपून काय करायचं?"

मग आम्ही जेवायचो. ते दिवसभराचं सांगायचे, मी ऐकायची. तीनच्या सुमाराला झोप. माझी शाळा दुपारच्या पाळीची, त्यामुळे अडत काहीच नव्हतं. आमच्या घरात सकाळ दहाला व्हायची. अकरा वर्षं असं चाललं आणि मी त्यात सुखी होते.

माघात, कामावर असतानाच छातीत दुखून ते गेले. चोपन्न वर्षांचे होते. त्या दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहायला घेतलं तर दुसरं काही लिहून होणार नाही.

एवढंच सांगते की, पूर्वी माझं वाट पाहणं पावणेएकला संपायचं. आता ते संपायची वेळच उरली नाही. मी पुस्तक घेऊन बसायची आणि उजाडायच्या आधी कधीतरी, पाचच्या आसपास, डोळा लागायचा.

पहिला तास

जून संपता संपता शाळेने दहावीचा वर्ग सकाळच्या पाळीत नेला. पहिला तास सात वाजून दहा मिनिटांनी. चौदा वर्षं दहावीचं मराठी माझ्याकडे होतं. मला वाटलं, बरंच झालं, काम मागे लागलं म्हणजे दुःख मागे पडेल.

पहिल्या दहा दिवसांत आठ दिवस माझा पहिला तास चुकला. त्यातले तीन दिवस तर शाळेत पोचलेच नाही. दोन गजर लावले. एक स्टीलच्या डब्यात ठेवला, म्हणजे तो डब्यासकट खणखणेल. शेजारच्या गल्लीतली माणसं उठली, मी उठले नाही. आणि साडेबाराला जाग यायची तेव्हा अंग अगदी हलकं असायचं. झोप लागली की ती चांगलीच लागत होती, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आली नाही. मी स्वतःला शिव्या देण्यात गुंतले होते.

आमच्या मुख्याध्यापिका देशमुख मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि सरळ बोलल्या.

"वानखडे बाई, पहिला तास रिकामा राहतो. पालक येऊन माझ्या डोक्यावर बसतात. हे वर्ष मी निभावते. तुम्ही दुपारी दीडनंतर सहावी घ्या. पण पुढच्या जूनपासून सगळी शाळाच सकाळची होणार आहे. तेव्हा सात दहाला वर्गात उभ्या राहिलात तर ठीक. नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तुम्हीच द्या. मला मागायला लावू नका."

माझी नऊ वर्षं नोकरी बाकी होती. पण नोकरीपेक्षा त्या वर्गाचा धक्का मोठा होता. विलास गेल्यावर, कोणीतरी माझी वाट पाहतंय अशी एकच जागा मला उरली होती. मी जून महिना मनात लिहून ठेवला.

एका घरात दोन पाळ्या

घरात आम्ही दोघीच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांची तऱ्हा माझ्या उलट. संध्याकाळी सातला त्यांचे डोळे मिटायचे आणि पहाटे तीनला टक्क उघडायचे. मी झोपायला जायची तेव्हा त्यांची अंघोळ झालेली असायची. मी शाळेतून येऊन चहा ठेवेपर्यंत त्या जांभया द्यायला लागायच्या.

मुलगा त्यांचा गेला होता, नवरा माझा. आणि त्याबद्दल आम्ही एकमेकींशी एक वाक्य बोललो नव्हतो. त्यांनी झाकून ठेवलेलं मी जेवायची, मी विरजलेलं दही त्या खायच्या. एका घरात आम्ही कारखान्याच्या दोन पाळ्यांसारख्या राहत होतो. एकीची सुटायची तेव्हा दुसरीची लागायची.

अमरावती, पहिली खेप

ऑगस्टमध्ये अमरावतीच्या एका डॉक्टरांचं नाव कळलं. मनाचे आणि झोपेचे, दोन्ही आजार पाहायचे. वेळ मिळाली सकाळी दहाची. साडेसहाची एस.टी. चुकू नये म्हणून मी त्या रात्री झोपलेच नाही. आत्याबाई सोबत आल्या. त्यांच्या मते हे काम मला एकटीला झेपणारं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर दोन शेतकरी बसले होते. एकाने विचारलं, "तुमाले का झालं बाई?"

"रात्रीची झोप येत नाही."

"आमालेबी नाई येत. पन आमची त लाईनच रातची हाय."

दुसरा म्हणाला, "अन दिवसा निजलो त बायको नाकाशी हात धरून पाह्यते. हाय का गेला म्हनून."

ते दोघं हसले. मीही हसले. त्या दवाखान्यातली ती पहिली चांगली गोष्ट.

आत गेलो. डॉक्टर तरुण होते, नुकतेच पुण्याहून आलेले. डोक्यावर पंखा खडखडत होता. मी खुर्चीत बसले आणि, लिहायलाही लाज वाटते, दोन मिनिटांत माझी मान पडली. पुढचं सगळं आत्याबाईंनी सांगितलं. मला जाग आली ती डॉक्टरांच्या हळू आवाजाने. "ताई, मनावर ओझं वाटतं का?"

सहा महिन्यांपूर्वी जिचा नवरा गेला ती या प्रश्नाला काय म्हणणार? मी हो म्हणाले.

निदान झालं: नैराश्य. रात्री नऊला एक गोळी, सकाळी एक. आणि आत्याबाईंना निराळी सूचना, "यांना वेळेवर जेवायला घालत जा. समोर बसून."

चार महिने

गोळीने डोकं जड व्हायचं, पण झोप चारच्या आधी यायची नाही. आली की दुपारी दोनपर्यंत हलायची नाही. सहावीचे तासही चुकायला लागले. एकदा कविता शिकवताना दुसऱ्या कडव्यावर मी थांबले आणि पुढची ओळ आठवेना. मुली वाट पाहत राहिल्या. त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

लोकांची सहानुभूती साधारण दिवाळीपर्यंत टिकली. मग "दुःख सगळ्यांनाच असतं" हे वाक्य ऐकू यायला लागलं.

आणि घरात निराळंच चाललं होतं. शाळेतून आले की आत्याबाई ताट मांडून बसलेल्या. भाकरी, वरण, वर तुपाची धार. मी उठायला लागले की हात धरायच्या. "अजून अर्धी घे. डॉक्टरनं सांगतलं हाय." रात्रीचं माझं नेहमीचं जेवण मी नंतर जेवायचीच. मला कळेना, मी तर दोन वेळा नीट जेवत होते. हा जेवणाचा ध्यास डॉक्टरांना का?

नोव्हेंबरपर्यंत माझे ब्लाउज अंगात शिरेनासे झाले. शेजारी रजियाभाभी राहतात. घरीच शिलाई करतात, आमची पंधरा वर्षांची ओळख. मी चार ब्लाउज उसवायला घेऊन गेले. त्यांनी टेप लावला, परत लावला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमची गोळी कोन्या बिमारीची हाय?"

"नैराश्याची. दुःखाने अन्न जात नाही, दिवसभर झोप येते, त्याची."

"अन्न जात नाई?" त्यांनी टेप खाली ठेवला. "चाळीस साल झाले मले मशीनवर. न जेवनाऱ्या मान्साचे ब्लाउज म्या आजपावतर उसवले नाई. कपडे झूट नाई बोलत मॅडम. डॉक्टरसाहेबाची काईतरी गडबड हाय. तुमी सोता जा, अन जागी असताना जा. आन त्याच्या आधी लिहून काढा, कवा झोपता, कवा उठता. मास्तरीन हाय न तुमी? मंग सोताचीबी हजेरी घ्या थोडी."

मी गणिताची चौकटीची वही आणली. एका दिवसाला एक आडवी ओळ, एका तासाला एक चौकोन. झोपलेले चौकोन पेन्सिलीने काळे करायचे. तीन आठवडे केलं. वही दूर धरून पाहिली तेव्हा कळलं की काळा पट्टा सरळ आहे. रोज जवळजवळ तेवढाच रुंद, रोज जवळजवळ त्याच जागी. फक्त ती जागा चुकीची होती.

अमरावती, दुसरी खेप

या वेळी मी संध्याकाळी चारची वेळ मागून घेतली. डिसेंबर होता, पंखा बंद होता. आत्याबाई सोबत होत्याच.

डॉक्टरांनी वही बराच वेळ पाहिली. मग त्यांचा कागद काढला. मग पुन्हा वही.

"ताई, यात तर तुम्ही रात्रभर जाग्या आहात आणि मग नऊ-दहा तास सलग झोपता. माझ्या कागदावर आहे की दिवसभर झोपून राहतात. आणि रात्री जेवल्यावाचून राहतात."

"जेवल्यावाचून?" मी म्हणाले. "असं कोण म्हणालं?"

"तुमच्या सासूबाई."

आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्या? म्या कवा म्हनलं असं? काहून झूट बोलता जी? म्या म्हनलं, रातच्याले जेवल्यावर वाचून राह्यते. वाचून! पुस्तक! येवढं जाड पुस्तक घेऊन बसते थे!"

डॉक्टरांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. जेवल्यावर वाचून. जेवल्यावाचून. पंखा खडखडत असेल तर मधला 'र' कुठल्या कुठे जातो.

"आणि दिवसभर झोपून राहते, ते?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर कोन म्हनलं? तुमी पुसलं, का तरास हाय. म्या म्हनलं, पाहा न, झोपून राह्यली. समोरच त झोपून राह्यली होती, तुमच्या खुर्चीत!"

तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी डॉक्टरांना सांगितलं की आमच्या वऱ्हाडात 'करून राहणे' म्हणजे करतच बसणे नव्हे. मी जेवून राहिले म्हणजे आत्ता जेवते आहे. ती झोपून राहिली म्हणजे ह्या क्षणाला झोपली आहे, बस. पुण्याच्या मराठीत तेच शब्द ऐकले तर मी अंथरुणाला खिळलेली बाई होते. वीस वर्षं मी मुलींच्या निबंधांत हा प्रयोग लाल शाईने खोडत आले. तो माझ्या केसपेपरवर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी ते हसले. मग हसू गेलं. "म्हणजे चार महिने मी व्याकरणाला औषध देत होतो."

मग ते आत्याबाईंकडे वळले. "आजी, चूक माझी आहे. मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"पुन्याचे न तुमी?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग तुमचा का दोस."

निदान

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असतं. ते रोज थोडं चुकतं आणि सकाळच्या उजेडाने रोज परत लागतं. झोप, भूक, अंगाचं तापमान, रक्तातली साखर, सगळं त्याच्या तालावर चालतं. अकरा वर्षं मी सकाळ पाहिलीच नव्हती. माझं घड्याळ एका अशा घराला लावलेलं होतं जिथे रात्री एकला ताट मांडलं जायचं. घर बदललं, घड्याळ तसंच राहिलं, आणि मग आणखी दोन तास मागे पडलं.

"तुमची झोप मोडलेली नाही," ते म्हणाले. "ती सरकली आहे. सरकलेली वस्तू जागेवर आणता येते. वेळ लागेल."

"आणि दुःख?"

"ते आहे. ते असणारच. पण मला ते आजारासारखं दिसत नाही. आत्ताच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा उतरवायच्या."

मग त्यांनी आत्याबाईंनाही त्यांच्या वेळा विचारल्या. वय वाढलं की घड्याळ उलट्या बाजूला सरकतं, म्हणाले, संध्याकाळ लवकर येते आणि पहाटही. आत्याबाईंनी दिवस मावळेपर्यंत बाहेर उजेडात बसायचं. मी सकाळी.

"अन दोघी एका टायमाले जाग्या राह्यलो त भांडू न मंग," आत्याबाई म्हणाल्या.

बस स्टँडवर मी रडले. लोक पाहत होते, पण माझ्या वयाच्या बाईला कोणी काही विचारत नाही. इतके महिने माझं दुःख आणि माझा आजार एकाच गाठोड्यात बांधलेली होती आणि मला वाटत होतं, बरं व्हायचं असेल तर दोन्ही टाकावी लागतील. आता एक बाजूला काढून ठेवलं होतं. दुसरं माझं होतं, ते कोणी मागत नव्हतं.

उजेड

उपचार सांगायला सोपा आहे. दर चार दिवसांनी अर्धा तास आधी उठायचं. झोप कितीही कमी झाली असली तरी त्याच वेळी उठायचं. उठल्याबरोबर बाहेर, पाऊण तास. संध्याकाळी आठनंतर ट्यूबलाईट बंद, एक मंद दिवा. डॉक्टरांनी दिलेली एक छोटी गोळी ठरल्या वेळी. आणि नऊनंतर पुस्तक नाही.

शेवटचं सगळ्यात अवघड होतं. विलास गेल्यानंतरच्या रात्री मी पुस्तकांच्या आधाराने काढल्या होत्या. आता तेच बंद करून अंधारात नुसतं पडायचं होतं. पहिले पंधरा दिवस मला कोणी घराबाहेर काढलं आहे असं वाटायचं.

उठवायचं काम रजियाभाभींनी घेतलं. गजर बंद करता येतो, रजियाभाभींना बंद करता येत नाही. दारावर थाप आणि आवाज, "मॅडम! म्या नमाज पढून आली, रोट्या टाकून आली, बकरीले चारा घालून आली. तुमी कोन्या नवाबाच्या घरच्या?"

"भाभी, पाच मिनिटं."

"पाच मिनटं सूरजले सांगा. थो थांबते का पाहू."

आम्ही शाळेच्या मैदानाला चकरा मारायचो. त्या बोलायच्या, मी अर्धवट झोपेत हुं हुं करायची. थंडीतलं ऊन अंगावर यायचं. जानेवारी संपताना मी आठला उठत होते.

एक कृपा तर अशी की कोणाला सांगायची सोय नाही. त्या वर्षांत आमच्या भागात संध्याकाळी भारनियमन असायचं. सगळी गल्ली विजेच्या नावाने बोटं मोडायची. आणि मी, जिचा नवरा उपकेंद्रात होता, त्या अंधारात ओट्यावर बसून आपली झोप तयार होण्याची वाट पाहायची.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आलं. घर पाहुण्यांनी भरलं. चार रात्री बोलण्यात, रडण्यात, अंथरुणं घालण्यात गेल्या. पाहुणे गेले तेव्हा मी पुन्हा पहाटे चारला झोपत होते. दोन महिन्यांची मेहनत चार दिवसांत गेली. मी अर्ज लिहायला कागद घेतला. वर शाळेचं नाव घातलं. आत्याबाई समोर येऊन बसल्या.

"का लिहून राह्यली?"

"शाळा सोडते आत्याबाई. नाही जमत."

त्यांनी कागदावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तू घरी बसली त पुन्हा रातभर जागशीन. अन म्या पुन्हा तीनले उठून भितीसोबत बोलीन. आता कुठं मले एक मानूस भेटून राह्यलं होतं संध्याकाळी."

मला तोवर कळलंच नव्हतं. माझी वही मी पाहत होते, त्यांची पाहिली नव्हती. त्या साडेआठपर्यंत जाग्या राहायला लागल्या होत्या. मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरापासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा रस्ता ओळखीचा होता. एप्रिलच्या मध्यावर मी सहाला उठत होते, आणि संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसायला लागलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण नोकरी, पाळ्या, सणवार यांतून आम्ही दोघींनीच एका ताटाशी बसून जेवणं हे नवीनच होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्याबाई एकदम म्हणाल्या,

"लहानपनी थो दिवा लागला का झोपे. तोंडात घास तसाच. रातची नौकरी त्याले मानवलीच नाई."

मी सांगितलं की रात्री एकला विलासना पिठलं लागायचं, आणि वर कच्चा कांदा, आणि मला त्या वासाने मळमळायचं.

"मले कवा सांगतलं नाई त्यानं."

"तुम्ही झोपलेल्या असायच्या."

"हाव न. झोपून राह्यली होती म्या," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मीही. विलास गेल्यावर चौदा महिन्यांनी आम्ही त्यांच्यासाठी एकत्र रडलो. नऊ वाजता दोघींनी दिवा मालवला.

मे महिन्यात अकोल्यात घरात झोपणं अशक्य. सगळं गाव गच्चीवर. सहालाच ऊन तोंडावर येतं, मग झोपायचं म्हटलं तरी झोपता येत नाही. लोक त्रासतात. मी गच्चीवर उठून बसायची आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर गाद्या गुंडाळणाऱ्या माणसांकडे पाहायची. इतकी वर्षं हे सगळे रोज असे उठत होते आणि मला माहीतच नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर एवढंच सांगते. डॉक्टरकडे आपण जाग्या असतो त्या वेळी जावं आणि आपलं आपण बोलावं. आधी तीन आठवडे वही भरावी. आपल्या मनाने गोळी सोडू नये. उठवायला असं माणूस धरावं ज्याला आपली दया येत नाही. एकदा घसरलं तर मागचं सगळं वाया गेलं असं समजू नये.

सात दहा

शाळा जूनच्या शेवटी उघडली. मी सहा पन्नासला फाटकात होते. शिपाई कुलूप काढत होता. देशमुख मॅडम रिक्षातून उतरल्या, मला पाहून थबकल्या, घड्याळाकडे पाहिलं, आणि पिशवीतून दहावीचं हजेरीपुस्तक काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी सांगत नाही. त्या मला वरिष्ठ आहेत.

वर्गात बावन्न मुली. निम्म्या जांभया देत होत्या. मी हजेरी घेतली. पुस्तक मिटलं तेव्हा मधल्या रांगेतली एक धीट मुलगी उभी राहिली.

"बाई, मागच्या साली दहावीले तुमी नव्हत्या. आमची ताई म्हने, तुमची तब्येत खराब होती. का झालतं बाई तुमाले?"

बाजूचीने तिचा फ्रॉक ओढला. खरं सांगायचं की काहीतरी थातुरमातुर, हे मी क्षणभर मनात पाहिलं.

"मला झोपेचा आजार झाला होता," मी म्हणाले. "रात्री झोप यायची नाही आणि सकाळी उठवत नसे. शाळेच्या वेळेला तर अजिबात नाही."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, थो त आमालेबी हाय! सगळ्यायले हाय!"

बावन्न मुली हसल्या. असं हसणं मी दीड वर्ष ऐकलं नव्हतं. बाजूच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. मी त्यांना हसू दिलं, आणि त्यांच्याबरोबर हसले. सात वाजून चौदा मिनिटं झाली होती आणि मी जागी होते.

मग मी खडू घेतला आणि फळ्यावर तारीख घातली.